फाइल ठेवायची कुठे?

डेस्कटॉपवर चालणाऱ्या प्रत्येक प्रोग्रामला काही ना काही लिहून ठेवावंच लागतं. शेवटची उघडलेली फाइल कुठली, अक्षर किती मोठं ठेवलं, आजवरच्या नोंदी, अर्धवट राहिलेलं काम. हे लिहायचं कसं, ते प्रोग्रामिंगचं कुठलंही पुस्तक सांगतं: फाइल उघडा, मजकूर लिहा, फाइल बंद करा. लिहायचं कुठे, हे मात्र बहुतेक पुस्तकं एका ओळीत उरकतात. उदाहरणात फाइलचं नुसतं नाव असतं आणि विद्यार्थ्याच्या कॉम्प्युटरवर ती बिनतक्रार तयारही होते. ही सगळी पुस्तिका त्या एका ओळीबद्दल आहे.

एवढ्याशा गोष्टीला अख्खी पुस्तिका कशाला, असं वाटणं साहजिक आहे. त्याचं कारण असं की प्रोग्राम लिहिणाऱ्याचा स्वतःचा कॉम्प्युटर या बाबतीत फार फसवा असतो. तिथे तो स्वतः अ‍ॅडमिन असतो. प्रोजेक्ट डी ड्राइव्हवर, त्यानेच बनवलेल्या फोल्डरमध्ये असतो. यूजरनेम इंग्रजीत, एका शब्दाचं. गिऱ्हाइकाकडे यातलं काहीच नसतं. तिथे प्रोग्राम ‘प्रोग्राम फाइल्स’मध्ये बसलेला, लॉगिन साधं, डॉक्युमेंट्सचा फोल्डर वनड्राइव्हकडे गेलेला, यूजरनेममध्ये मोकळी जागा किंवा चक्क देवनागरी अक्षरं. मग फोन येतो, ‘सेव्हच होत नाहीये’. त्यावर आपल्याकडचं ठरलेलं उत्तर म्हणजे राइट क्लिक करा आणि रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर करा. हे उत्तर काम करतं, म्हणूनच ते इतकं घातक आहे. का, ते पुढे येईलच.

आधी ही सवय लागली कशी, ते पाहू. डॉसच्या काळात कॉम्प्युटर एकाच माणसाचा होता आणि प्रोग्रामचा फोल्डर हाच डेटाचा फोल्डर होता. विंडोज ३.१ मध्ये सेटिंग आयएनआय फाइलींत असायची आणि त्यातल्या बऱ्याच फाइली थेट विंडोजच्या फोल्डरमध्ये जाऊन पडायच्या. विंडोज ९५ ने प्रोग्राम फाइल्स आणली, रजिस्ट्री पुढे केली, पण खालची डिस्क फॅट पद्धतीचीच राहिली. फाइलीचा मालक कोण आणि तिच्यात लिहायची परवानगी कोणाला, हे नोंदवायची सोयच फॅटमध्ये नाही. त्यामुळे कोणीही कुठेही लिहावं. एनटीएफएसमध्ये ही सोय होती, १९९३ च्या विंडोज एनटीपासून होती, पण ती घराघरात पोचली २००१ च्या एक्सपीबरोबर. तोवर सवय पक्की झाली होती, आणि एक्सपीवर बहुतेक लोक अ‍ॅडमिनच्याच खात्यातून काम करत असल्यामुळे ती मोडायचं कारणही पडलं नाही.

महाराष्ट्रात याचा ठसा एका विशिष्ट जोडीने उमटला: व्हिज्युअल बेसिक ६ आणि अ‍ॅक्सेस. व्हिज्युअल बेसिक ६ आलं १९९८ मध्ये. कॉलेजातले प्रोजेक्ट, गावातल्या वाचनालयाची देवघेव, पतसंस्थेचा हिशोब, हाउसिंग सोसायटीची बिलं, असं कितीतरी काम या जोडीवर उभं राहिलं. त्या कोडमध्ये एक ओळ हमखास असायची: अ‍ॅप डॉट पाथ, त्याला जोडून एमडीबी फाइलचं नाव. म्हणजे प्रोग्राम जिथे आहे तिथेच डेटा. ही ओळ एका पिढीने दुसरीला दिली, आणि भाषा बदलली तरी ती वेगवेगळ्या वेषांत अजून लिहिली जाते.

३० जानेवारी २००७ रोजी विंडोज व्हिस्टा सर्वांसाठी बाजारात आली आणि हा हिशोब चुकता करायची वेळ आली. आता खातं अ‍ॅडमिनचं असलं तरी प्रोग्राम साध्या अधिकारांनिशी सुरू होणार होता आणि साध्या अधिकारांनिशी प्रोग्राम फाइल्समध्ये लिहिता येणार नव्हतं. तसंच कडक राहिलं असतं तर असंख्य जुने प्रोग्राम एका दिवसात आडवे झाले असते. म्हणून मायक्रोसॉफ्टने एक पळवाट ठेवली. प्रोग्राम ३२-बिट असेल आणि आपल्याला कुठले अधिकार हवेत हे सांगणारं मॅनिफेस्ट त्याच्यात नसेल, तर तो प्रोग्राम फाइल्समध्ये लिहायला लागल्यावर त्याला नकार द्यायचा नाही. ते लिखाण गुपचूप त्या यूजरच्या अ‍ॅपडेटामधल्या ‘व्हर्च्युअलस्टोअर’ नावाच्या फोल्डरात वळवायचं. पुढच्या वेळी प्रोग्राम वाचायला आला की हीच वळवलेली प्रत त्याच्या हातात द्यायची. प्रोग्रामला पत्ताच लागत नाही.

याचा परिणाम काय होतो ते एका दुकानात उभं राहून पाहू. तालुक्याच्या गावातलं खत-बियाण्यांचं दुकान समजा. कॉम्प्युटर एक, लॉगिन दोन: एक मालकाचं, एक दिवाणजींचं. हिशोबाचा जुना प्रोग्राम प्रोग्राम फाइल्समध्ये आहे आणि त्याची एमडीबी शेजारीच. दिवाणजी दिवसभर उधारीच्या नोंदी करतात. त्यांनी पहिली नोंद केली त्या क्षणी विंडोजने एमडीबीची एक प्रत त्यांच्या व्हर्च्युअलस्टोअरमध्ये केली आणि त्या दिवसापासून ते त्या प्रतीतच लिहीत आले. रात्री मालक आपल्या लॉगिनने बसतात. त्यांना दिवाणजींची एकही नोंद दिसत नाही. ते स्वतः दोन पावत्या घालतात आणि आता त्यांची तिसरी प्रत तयार होते. एकाच दुकानाच्या तीन खतावण्या झाल्या आणि तिघींनाही वाटतं आपणच खरी. बॅकअप घेणारा मुलगा दर शनिवारी प्रोग्राम फाइल्समधली एमडीबी पेनड्राइव्हवर घेऊन जातो. तिच्यात इन्स्टॉल केल्यापासून एक अक्षर बदललेलं नाही. शेवटी कोणीतरी ते ठरलेलं औषध देतो, रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर. आता प्रोग्रामला खरोखरच प्रोग्राम फाइल्समध्ये लिहायचा अधिकार मिळाला, म्हणजे लिखाण वळवायची गरज उरली नाही. म्हणजे उघडते ती मूळ एमडीबी, कोरी. वर्षभराची उधारी स्क्रीनवरून नाहीशी! डेटा डिस्कवर सुखरूप आहे, पण अ‍ॅपडेटा हा फोल्डर मुळातच लपवलेला असतो, आणि तिथे शोधायचं कोणाच्या डोक्यातही येत नाही.

व्हर्च्युअलस्टोअर ही तात्पुरती सोय म्हणून आली होती. विंडोज ११ मध्येही ती आहे. माझ्या मते तो सद्हेतूने केलेला खोटेपणा होता. ‘इथे लिहिता येत नाही’ असं एकदा तोंडावर सांगितलं असतं तर प्रोग्रामवाल्यांनी चार शिव्या देऊन कोड दुरुस्त केला असता. आता मात्र प्रोग्राम चालतो, म्हणून कोणी हात लावत नाही. या पुस्तिकेत पुढे जिथे जिथे मी ‘गुपचूप दुसरीकडे लिहू नका’ असं बजावलं आहे, तिथे माझ्या डोळ्यांपुढे हेच दुकान आहे.

मुळातलं तत्त्व साधं आहे. इन्स्टॉल केलेला प्रोग्राम म्हणजे वाचनालयाचं पुस्तक आणि यूजरचा डेटा म्हणजे त्याची स्वतःची वही. पुस्तकाच्या समासात लिहिलेलं टिपण पुस्तक परत गेलं की जातं. प्रोग्रामचा फोल्डर इन्स्टॉलरचा, तो अपडेटमध्ये पुसून नव्याने लिहिला जाऊ शकतो. यूजरचा फोल्डर यूजरचा. आणि तो कुठे आहे हे प्रोग्रामने आधीपासून ठरवायचं नसतं, चालू झाल्यावर ऑपरेटिंग सिस्टिमला विचारायचं असतं.

विचारायचं म्हणजे काय, यावर पुस्तिकेचा मोठा भाग खर्ची पडला आहे, कारण लोक विचारायच्या ऐवजी अंदाज बांधतात. सी ड्राइव्ह, यूजर्स, यूजरचं नाव, डॉक्युमेंट्स असा पाथ हाताने जोडतात. तो आज जुळतो. पण हाच फोल्डर एक्सपीवर ‘डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज’खाली होता. जर्मन एक्सपीवर प्रोग्राम फाइल्सचं डिस्कवरचं खरं नाव ‘प्रोग्रामं’ असं जर्मनमध्येच होतं. व्हिस्टापासून डिस्कवरचं नाव इंग्रजी आणि दाखवायचं नाव स्थानिक, अशी विभागणी झाली. ऑफिसात डॉक्युमेंट्स सर्व्हरवर नेलेला असू शकतो, तेव्हा पाथच्या सुरुवातीला ड्राइव्हचं अक्षरही नसतं.

काही हुशार मंडळी रजिस्ट्रीत जाऊन ‘शेल फोल्डर्स’ या नोंदीतून पाथ उचलतात. मायक्रोसॉफ्टचे रेमंड चेन यांनी २००३ मध्ये या नोंदीची हकिकत लिहिली होती. विंडोज ९५ तयार होत असताना ती काही काळ होती, मग तिची जागा एका फंक्शनने घेतली, पण १९९४ मध्ये लिहिलेले चार प्रोग्राम अडू नयेत म्हणून ती ठेवली गेली. त्या चौघांसाठी ठेवलेलं दार पुढे सगळ्या जगाने वापरलं. आजही रजिस्ट्री उघडून त्या जागी गेलात तर पहिलीच ओळ बजावते की ही नोंद वापरू नका, अमुक फंक्शन वापरा. एवढं दारावर लिहूनही लोक आत शिरतातच.

विंडोजला नीट विचारलं की ती एक नव्हे, अनेक जागा देते, आणि त्यांतली निवड फाइलीच्या जातीवर ठरते. रोमिंग ही जागा यूजरबरोबर एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर जाणाऱ्या छोट्या सेटिंगांसाठी. लोकल ही त्याच कॉम्प्युटरपुरत्या गोष्टींसाठी: कॅशे, लॉग, मोठे डेटाबेस. रोमिंगमध्ये कॅशे टाकला तर ज्या ऑफिसात रोमिंग प्रोफाइल वापरतात तिथे माणसाचं लॉगिन रखडतं आणि शिव्या नेटवर्क सांभाळणाऱ्याला बसतात. सगळ्या यूजरांना मिळून लागणाऱ्या गोष्टींसाठी ‘प्रोग्रामडेटा’. इथे एक खाचखळगा आहे, तो फार जणांना लागतो. प्रोग्रामडेटात साधा यूजर नवी फाइल करू शकतो, पण दुसऱ्याने केलेली फाइल त्याला नुसती वाचता येते. म्हणजे आपल्या दुकानात मालकांनी सकाळी तयार केलेल्या डेटाबेसमध्ये दिवाणजींना दुपारी नोंद करता येणार नाही. इन्स्टॉलर अ‍ॅडमिनच्या अधिकारांनी चालत असतो, त्याच वेळी आपल्या फोल्डरची परवानगी मोकळी करून घ्यावी लागते. हे काम प्रोग्रामकडून नंतर होत नाही.

लिनक्सवाल्यांना या गोष्टीची समज जुनी. ‘यूएसआर’ खालचं सगळं पॅकेज मॅनेजरचं, यूजरने आपल्या होममध्ये राहावं. पण होममध्ये कुठे, याला शिस्त नव्हती. टिंबाने सुरू होणाऱ्या लपलेल्या फाइलींचा तिथे उकिरडा झाला. युनिक्स घडवणाऱ्यांपैकी रॉब पाइक यांनी २०१२ मध्ये सांगितलं होतं की टिंबामुळे फाइल लपणं हे कोणी ठरवून केलेलं नाही. यादीत चालू फोल्डर आणि वरचा फोल्डर दिसू नयेत म्हणून कोणीतरी फक्त पहिलं अक्षर टिंब आहे का एवढंच तपासलं, आणि त्या आळसाचं पुढे शास्त्र झालं. आता एक्सडीजी नावाचा संकेत आहे. त्यात सेटिंग, डेटा आणि कॅशे यांना वेगवेगळी घरं आहेत, आणि २०२१ पासून ‘स्टेट’ म्हणजे लॉग, अलीकडे उघडलेल्या फाइलींची यादी यांसारख्या गोष्टींनाही. त्यातला कळीचा मुद्दा लोक विसरतात. ही घरं एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलने बदलता येतात. म्हणून होमला नुसतं ‘डॉट कॉन्फिग’ जोडून मोकळं होऊ नये; आधी व्हेरिएबल पाहावं, तो रिकामा असेल तरच हे घर धरावं. डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स यांची तर लिनक्सवर डिस्कवरची खरी नावंसुद्धा यूजरच्या भाषेप्रमाणे असू शकतात.

मॅकवर प्रोग्राम म्हणजे एक बंद गाठोडं, त्यावर सही. त्या गाठोड्यात प्रोग्रामने स्वतःच काही लिहिलं की सही मोडते. २०१६ च्या सिएरापासून गंमत आणखी वाढली. इंटरनेटवरून उतरवलेला प्रोग्राम डाउनलोड्समधूनच उघडला तर मॅक त्याला भलत्याच, फक्त वाचता येणाऱ्या जागेवरून चालवू शकतो. तेव्हा ‘माझ्या शेजारच्या फोल्डरात पाहतो’ म्हणणाऱ्या प्रोग्रामला शेजारी कोणीच सापडत नाही. मॅकची बाकी माहिती मॅकच्या प्रकरणात आहे. ‘लायब्ररी’तल्या ‘अ‍ॅप्लिकेशन सपोर्ट’ आणि ‘कॅशेज’ या दोन फोल्डरांची ओळख झाली की रोजचं काम निभतं.

तीन सिस्टिमसाठी तीनदा कोड लिहायची गरज नाही. क्यूटीमध्ये, इलेक्ट्रॉनमध्ये, डॉटनेटमध्ये, पायथनच्या प्लॅटफॉर्मडर्समध्ये हे प्रश्न विचारायची तयार सोय आहे, ती वापरावी. तरी डोळे उघडे ठेवून. जावामध्ये यूजरचं होम विचारलं की विंडोजवर कित्येक वर्षं ते डेस्कटॉपच्या फोल्डरवरून ओळखलं जायचं. कोणी डेस्कटॉप दुसऱ्या ड्राइव्हवर नेला की होमही बिचारं त्याच्यामागे जायचं. जावा ८ मध्ये ते सुधारलं. डॉटनेटमध्ये लिनक्सवर ‘माय डॉक्युमेंट्स’ विचारलं की पूर्वी थेट होम मिळायचं, डॉटनेट ८ पासून खराखुरा डॉक्युमेंट्स फोल्डर मिळतो. सुधारणा योग्यच, पण प्रोग्राम नव्या आवृत्तीवर नेला की तो जुन्या फाइली शोधायला नव्या जागी जातो आणि रिकाम्या हाताने परत येतो. म्हणून जागा बदलली की पहिल्या वेळी जुन्या जागी डोकावायचं, सापडलं तर आणायचं आणि यूजरला तसं सांगायचं.

आता वेगळाच हट्ट असलेल्या मंडळींकडे वळू. त्यांना प्रोग्राम इन्स्टॉलच करायचा नसतो. पेनड्राइव्हवर टाकला, कॉलेजच्या लॅबमध्ये लावला, काम केलं, काढून खिशात घातला. २००४ मध्ये जॉन हॉलर यांनी फायरफॉक्सची अशी आवृत्ती काढली आणि त्यातूनच पोर्टेबलअ‍ॅप्सचा पसारा उभा राहिला. इथे वरचं तत्त्व उलटं होतं आणि डेटा प्रोग्रामच्या शेजारीच हवा असतो. हा अपवाद मला मान्य आहे, पण तो बोलून दाखवलेला असावा. व्हीएस कोडची झिप आवृत्ती घ्या. तिच्या फोल्डरात यूजरने स्वतः ‘डेटा’ नावाचा फोल्डर केला तरच ती पोर्टेबल होते. नोटपॅड प्लस प्लसमध्ये हेच काम एक रिकामी फाइल करते, आणि प्रोग्राम फाइल्समध्ये असेल तर तो त्या खुणेकडेही दुर्लक्ष करतो, कारण तिथे लिहिता येणार नाही हे त्याला ठाऊक आहे. याच्या उलट, ‘शेजारी लिहिता आलं तर शेजारी, नाही तर अ‍ॅपडेटात’ असं स्वतःच ठरवणारे प्रोग्राम असतात. आज अ‍ॅडमिन म्हणून चालवलं, उद्या साध्या लॉगिनने, की सेटिंगचे दोन संसार झाले. पेनड्राइव्हची आणखी एक खोड म्हणजे त्याचं ड्राइव्हचं अक्षर. घरी ई, लॅबमध्ये जी. अलीकडच्या फाइलींच्या यादीत पूर्ण पाथ लिहून ठेवला तर लॅबमध्ये सगळी यादी मेलेली. आपल्याच फोल्डरखालच्या फाइलींचा पाथ आपल्या फोल्डरपासून पुढचाच लिहावा.

शेजारी म्हणताना आणखी एक घोटाळा होतो. फाइलचं नुसतं नाव दिलं की ती प्रोग्रामच्या फोल्डरात जाते, असा फार जणांचा समज आहे. ती चालू फोल्डरमध्ये जाते, आणि चालू फोल्डर म्हणजे प्रोग्राम जिथून सुरू केला गेला ती जागा. शॉर्टकटमध्ये वेगळी लिहिलेली असू शकते. टास्क शेड्युलरने सुरू केलं तर ती बहुधा सिस्टम३२ असते. विंडोजवर फाइल उघडायची चौकट दाखवली आणि यूजरने पेनड्राइव्हवरची फाइल निवडली, तर चालू फोल्डर तिथे सरकू शकतो आणि पुढची ‘सेटिंग डॉट आयएनआय’ त्याच्या पेनड्राइव्हवर जन्म घेते.

डॉक्युमेंट्सबद्दल मात्र मी प्रचलित सल्ल्यापेक्षा थोडं वेगळं सांगतो. यूजरने ‘सेव्ह अ‍ॅज’ करून नाव दिलेली फाइल तिथे शोभते. चालू डेटाबेस तिथे ठेवू नये. आता डॉक्युमेंट्स वनड्राइव्हकडे गेलेला असणं नेहमीचं झालं आहे. २०१७ पासून विंडोजच्या सुरक्षेत अशी सोय आहे की ती चालू असेल तर अनोळखी प्रोग्रामला या फोल्डरात लिहूच देत नाही. आणि डेटाबेस म्हणजे एक फाइल हा भ्रम आहे. एस्क्यूलाइट काम करताना शेजारी जर्नलची फाइल करते, वॉल पद्धतीत दोन करते; अ‍ॅक्सेस कुलपाची फाइल करतं. म्हणजे परवानगी फाइलला असून भागत नाही, फोल्डरला लागते. वनड्राइव्हने मुख्य फाइल एका क्षणी आणि जर्नल दुसऱ्या क्षणी वर नेली तर दुसऱ्या कॉम्प्युटरवर उतरते ती विस्कटलेली जोडी.

मग डेटाबेस लोकल अ‍ॅपडेटामध्ये ठेवा, हे पुस्तकी उत्तर. ते बरोबर आहे, आणि आपल्या गावांत ते अपुरं आहे. कॉम्प्युटर मंद झाला की आपल्याकडे फॉरमॅट मारतात. फॉरमॅट मारणारा डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स कॉपी करतो, डी ड्राइव्हला हात लावत नाही आणि सी पुसतो. अ‍ॅपडेटा त्याला दिसतही नाही. एखाद्या पतसंस्थेचे पाच वर्षांतले सभासद, त्यांच्या ठेवी, कर्जाचे हप्ते, सगळं त्यात गेलं तर नियम पाळल्याचं समाधान कोणाला देणार? म्हणून माझा आग्रह असा: चालू डेटाबेस लोकलमध्ये, पण प्रोग्राम बंद होताना त्याची एक पूर्ण, बंद केलेली, तारीख घातलेली प्रत यूजरने स्वतः निवडलेल्या, डोळ्यांना दिसणाऱ्या फोल्डरमध्ये पडलीच पाहिजे. आणि तो फोल्डर कुठला, हे प्रोग्रामच्या पहिल्या पानावर ठळक दिसलं पाहिजे.

एक प्रकरण देवनागरीवर आहे. ते मुद्दाम लांबलं आहे, कारण इंग्रजी पुस्तकांत ते सापडत नाही. नवा कॉम्प्युटर घेतला, नाव विचारलं आणि कोणी ‘सुनीता’ असं मराठीत लिहिलं, तर यूजर्सखाली ‘सुनीता’ याच नावाचा फोल्डर होतो. आता विंडोजमध्ये जुन्या पद्धतीचे, कोडपेजवर चालणारे प्रोग्राम अजून आहेत. जर्मन, रशियन यांच्यासाठी कोडपेज आहे. मराठीला, हिंदीला नाही, त्या केवळ युनिकोडमध्येच आहेत. तेव्हा अशा प्रोग्रामने पाथ विचारला की ‘सुनीता’च्या जागी प्रश्नचिन्हं येतात. प्रश्नचिन्ह विंडोजमध्ये फाइलीच्या नावात चालतच नाही, म्हणजे तो पाथ कुठल्याही परिस्थितीत उघडणार नाही. उपाय आहे: युनिकोड फंक्शनं वापरा, किंवा विंडोज १० च्या १९०३ आवृत्तीपासून मॅनिफेस्टमध्ये यूटीएफ-८ मागून घ्या. पण आधी हे तपासून पाहायला हवं ना.

नावाच्या लांबीचंही तसंच. लिनक्सवर एका फाइलीच्या नावाला २५५ बाइटांची मर्यादा, आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटांचं. काना, मात्रा, वेलांटी, हलन्त सगळी वेगवेगळी मोजली जातात. म्हणजे नाव ८५ चिन्हांत संपवावं लागतं. विंडोजची मोजणी वेगळी, तिथे २५५ चिन्हं बसतात. एखाद्या सहकारी संस्थेचं पूर्ण नोंदणीकृत नाव आणि ‘वार्षिक सर्वसाधारण सभेचे इतिवृत्त’ असं नाव दिलेली फाइल विंडोजवर आरामात बसते आणि लिनक्सवर कॉपी होताना अडते. शिवाय विंडोजवर पूर्ण पाथची २६० ची जुनी मर्यादा अजून बहुतेक ठिकाणी लागू आहे. २०१६ पासून ती उठवता येते, पण त्यासाठी सिस्टिम आणि प्रोग्राम दोघांनीही हो म्हणावं लागतं. आणि ‘दुसऱ्या’मधला ऱ. युनिकोडमध्ये तो एका चिन्हाने लिहिता येतो आणि र अधिक नुक्ता असा दोन चिन्हांनीही. २०१७ मध्ये एपीएफएस येईपर्यंत मॅकची डिस्क पहिल्याचं दुसऱ्यात रूपांतर करून ठेवायची. डोळ्यांना नाव एकच, पण बाइट जुळवून पाहणाऱ्या प्रोग्रामला ‘दुसऱ्या तिमाहीचा हिशोब’ समोर असून सापडायचा नाही.

लिहिता येतं का, हे आधी तपासायची आवड अनेकांना असते. त्यात अर्थ कमी. विंडोजमध्ये फोल्डरवर ‘रीड ओन्ली’ची खूण दिसते तिचा लिहिण्याशी संबंध नाही, तो फोल्डर सजवलेला आहे एवढंच ती एक्सप्लोररला सांगते. परवानगी आहे असं उत्तर मिळेपर्यंत डिस्क भरलेली असू शकते, नेटवर्क तुटलेलं असू शकतं. लिहून पाहणं हीच एकमेव परीक्षा. तीही थेट मूळ फाइलीवर नाही: त्याच फोल्डरात तात्पुरती फाइल लिहा, पूर्ण झाली की तिला मूळ नाव द्या. मधेच वीज गेली तर जुनी प्रत शाबूत राहते.

आणि नाहीच जमलं तर सांगायचं काय? व्हिज्युअल बेसिकचा ‘रन-टाइम एरर ७५’ पाहून दिवाणजींनी करायचं तरी काय? त्याऐवजी असं लिहा: ‘आजच्या नोंदी सेव्ह झाल्या नाहीत. अमुक फोल्डरमध्ये लिहायची परवानगी नाही. नोंदी अजून स्क्रीनवर आहेत, प्रोग्राम बंद करू नका. दुसरी जागा निवडण्यासाठी हे बटण दाबा.’ खाली पूर्ण पाथ, कॉपी करता येईल असा. फोनवर मदत करणाऱ्याला त्या एका ओळीचा जितका उपयोग होतो, तितका बाकी कशाचाच होत नाही.

मोबाइल आणि वेब सर्व्हर या पुस्तिकेत नाहीत, तिथले नियम वेगळे आहेत. उदाहरणं सी-शार्प आणि पायथनमध्ये आहेत; व्हिज्युअल बेसिक ६ चं एकच प्रकरण आहे, जुना डेटा व्हर्च्युअलस्टोअरमधून बाहेर कसा काढायचा त्याचं. ज्यांच्या गिऱ्हाइकाचा फोन आत्ता सुरू आहे त्यांनी आधी तेच वाचावं.

बाकीच्यांनी पहिलं प्रकरण उघडण्यापूर्वी आपल्या कॉम्प्युटरवर एक साधं, अ‍ॅडमिन नसलेलं खातं तयार करावं. नाव द्यावं ‘दुसऱ्या पाळीचा’, मधल्या मोकळ्या जागेसकट. मग आपला प्रोग्राम प्रोग्राम फाइल्समध्ये इन्स्टॉल करून, त्या खात्यातून, शॉर्टकट न वापरता एखाद्या फाइलवर डबल क्लिक करून उघडावा, एक नोंद करावी आणि ती कुठे गेली ते शोधावं.